उंचीची ईर्ष्या: वेम्बलीचे खोड आणि तेल अवीवची शाळा

तेल अवीव आणि रमत गन ही दोन शहरे एकमेकांना इतकी खेटून वसली आहेत की नवख्या माणसाला एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले ते समजत नाही. तरी दोघांच्या नगरपालिका वेगळ्या आणि अभिमानही वेगळा. १९९९ साली तेल अवीवच्या हद्दीत, अयालोन महामार्गाच्या कडेला, अझ्रिएलीचा गोल मनोरा १८७ मीटर उंच उभा राहिला. दोनच वर्षांत, २००१ साली, महामार्गाच्या पलीकडे रमत गनच्या हिरेबाजारात २३५ मीटरांचा मोशे अवीव मनोरा तयार झाला. देशातील सर्वांत उंच इमारतीचा मान पुढे सोळा वर्षे रमत गनकडे राहिला. २०१७ साली तेल अवीवने सारोना भागात २३८.५ मीटरांचा मनोरा बांधून तो परत मिळवला. फरक साडेतीन मीटरांचा! मजले मोजले तर रमत गनचे ६८ आणि तेल अवीवचे ६१. म्हणजे जिंकले कोण, हे कशाने मोजता त्यावर अवलंबून.

इस्रायलमधील आपल्या वाचकांना ही चुरस डोळ्यांसमोरची आहे. परंतु असाच एक सामना सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या पिनरच्या शेजारी, वेम्बलीला मांडला गेला होता. तो दोन देशांच्या राजधान्यांमधला होता आणि त्यातून घेण्यासारखा धडा आहे, म्हणून तो आधी सांगतो.

१८८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त पॅरिसमध्ये मोठे प्रदर्शन भरले व त्यासाठी गुस्ताव आयफेल यांनी ३०० मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारला. जगात त्याहून उंच असे मानवनिर्मित काहीच नव्हते. तो पाहायला लोक लोटले आणि बांधकामाचा बराचसा खर्च पहिल्या वर्षीच तिकिटांतून निघाला. लंडनमध्ये एका गृहस्थाच्या मनात हे घर करून बसले. त्यांचे नाव सर एडवर्ड वॉटकिन.

वॉटकिन हे मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष. हीच आगगाडी १८८० साली हॅरोला आणि १८८५ साली पिनरला पोहोचली. मॅंचेस्टरहून निघालेली गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून थेट पॅरिसला न्यावी, असे त्यांचे स्वप्न होते. बोगद्याचे काम त्यांनी सुरूही केले होते. पण त्या वाटेने शत्रूचे सैन्य येईल या भीतीने सरकारने ते १८८२ साली थांबवले. फ्रान्सला जोडून घेऊ पाहणारा हाच माणूस आता फ्रान्सवर मात करायला निघाला.

वेम्बलीला रेल्वेलगत मोठी जमीन घेण्यात आली. वॉटकिन यांनी आधी खुद्द आयफेलनाच विचारले. हे काम पत्करले तर माझे देशबांधव मला चांगला फ्रेंच समजणार नाहीत, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी नकार दिला. मग १८९० साली स्पर्धा जाहीर झाली. पहिले बक्षीस ५०० गिनी. एकंदर ६८ आराखडे आले. कोणी पिसाच्या कलत्या मनोऱ्यासारखा मनोरा सुचवला. एकाने तर मनोऱ्यावर शाकाहारी लोकांची वसाहत आणि त्यांच्या भाजीपाल्यासाठी झुलत्या बागा काढून दाखवल्या. निवड झाली ती १,२०० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३६६ मीटरांच्या लोखंडी मनोऱ्याची. दिसायला आयफेलचाच भाऊ, फक्त उंचीने मोठा.

येथून पुढची गोष्ट आपल्या आयाबाया एका वाक्यात सांगत असत: अंथरूण पाहून पाय पसरावे. लोकांकडून वर्गणी अपेक्षेप्रमाणे जमली नाही. मूळ आराखड्यात मनोऱ्याला आठ पाय होते. खर्च वाचवण्यासाठी त्यांचे चार केले. भार तितका नसला तरी पाय निम्मे झाल्यामुळे प्रत्येक पायावरचा दाब वाढला, आणि खालची जमीन तर नरम. १८९४ साली वेम्बली पार्क लोकांसाठी खुले झाले. त्यात तळे, बगीचे, क्रिकेटचे मैदान असे सर्व काही होते. त्याच वर्षी प्रकृती ढासळल्याने वॉटकिन अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. १८९५ साली मनोऱ्याचा पहिला टप्पा कसाबसा पुरा झाला, तेव्हा उंची भरली अवघी १५५ फूट. पाया खचू लागल्याचेही दिसून आले. बाग पाहायला लोक येत, पण या ठेंगू मनोऱ्यावर पैसे देऊन चढायला फारसे कोणी उत्सुक नसे. १८९९ साली बांधकाम कंपनीचे दिवाळे निघाले. १९०१ साली वॉटकिन वारले. लोक त्या सांगाड्याला ‘लंडनचे खोड’ आणि ‘वॉटकिनचा वेडेपणा’ म्हणू लागले. अखेर तो उतरवायला घेतला आणि १९०७ साली उरलेले पायही सुरुंगाने उडवले.

आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ सालीच २८० फुटांपर्यंत गेला होता. साम्राज्याच्या राजधानीचा मनोरा मुंबईच्या मनोऱ्याच्या कमरेच्या थोडाच वर पोहोचला, असे म्हणायला हरकत नाही.

मग वॉटकिन यांचे सारे वाया गेले का? तसेही नाही. मनोऱ्यासाठी येणाऱ्या लोकांकरिता वेम्बली पार्क स्टेशन बांधले होते, ते राहिले. मनोऱ्याच्याच जागेवर १९२३ साली वेम्बलीचे स्टेडियम झाले आणि पुढच्या वर्षी तेथे ब्रिटिश साम्राज्याचे प्रदर्शन भरले. आता तेथे २००७ चे नवे स्टेडियम आहे; ते बांधताना मनोऱ्याचा जुना पाया जमिनीखाली सापडला. रेल्वेच्या कडेने वेम्बली, हॅरो, पिनर ही उपनगरे वाढली. पूर्व लंडनच्या दाट वस्तीतून बाहेर पडलेली अनेक ज्यू कुटुंबे या भागात आली, सिनॅगॉग उभी राहिली. खुद्द आयफेल मनोऱ्याचेही असेच झाले. त्याला परवानगी होती वीस वर्षांची. नंतर तो मोडायचा होता. तो वाचला, कारण तोवर बिनतारी संदेशांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला होता. विक्रमाने त्याला तारले नाही, उपयोगाने तारले.

आता पुन्हा तेल अवीवकडे वळू. तेथील पहिला गगनचुंबी मनोरा म्हणजे १९६५ चा शालोम मेअर, ३४ मजल्यांचा. मध्यपूर्वेतील सर्वांत उंच इमारत म्हणून त्याचे कोण कौतुक झाले! बांधणाऱ्या बंधूंनी त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले, जसे प्रेमचंद रायचंद यांनी मुंबईच्या मनोऱ्याला आपल्या आईचे दिले होते. राजाबाई टॉवर मात्र विद्यापीठाच्या आवारात, ग्रंथालयाच्या माथ्यावर उभा राहिला. शालोम मनोऱ्यासाठी शाळा पाडावी लागली.

ती साधी शाळा नव्हती. हर्झेल रस्त्याच्या टोकाला असलेली हर्झलिया जिम्नॅशिया ही पहिली हिब्रू माध्यमिक शाळा. तिच्या इमारतीची कोनशिला १९०९ साली, म्हणजे तेल अवीव जन्मले त्याच वर्षी बसवली गेली. इस्रायलचे दुसरे पंतप्रधान मोशे शारेत हे तिच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. गणित, भूगोल, विज्ञान हे विषय हिब्रूतून शिकवता येतात हे या शाळेने जगाला दाखवले. शाळा दुसरीकडे गेली, पण ती वास्तू साठीच्या दशकाच्या आरंभी जमीनदोस्त झाली. नंतर लोक हळहळले. जुन्या वास्तू जपणाऱ्या इस्रायलमधील संस्थेने आपले बोधचिन्ह म्हणून याच पाडलेल्या शाळेचे चित्र घेतले आहे. आणि जिच्यासाठी शाळा गेली ती उंची? १९९९ सालापासून शालोम मनोऱ्याचा पहिला क्रमांकही गेलेला आहे.

सेफेर बेरेशीतच्या अकराव्या अध्यायात शिनारच्या लोकांनी मनोरा बांधायला घेतला, तो नाव व्हावे म्हणून. आपले रब्बी त्यावर सांगतात की तेथे माणूस वरून पडला तर कोणी वळून पाहत नसे. वीट पडली तर मात्र सगळे रडत, कारण तिच्या जागी दुसरी वर चढवायला फार काळ लागे. इमारत उंच असण्यात पाप नाही. जमीन थोडी आणि माणसे फार असतील तर मजल्यावर मजला चढवावाच लागतो. वीट माणसापेक्षा महाग झाली की मात्र हिशेब चुकतो.

मांडवीतील आपले शाआर हारहामीम १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. उंचीच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नाही. तरी आपले लोक सिनॅगॉगला मशीद म्हणत, त्यावरून जवळच्या रेल्वे स्टेशनला ‘मशीद’ हे नाव पडले, असे आपल्यात सांगितले जाते. रमत गनच्या त्या मनोऱ्याचेही पहिले नाव ‘शाआर हाईर’, म्हणजे शहराचे द्वार. एक शहराचे द्वार, एक दयेचे द्वार. पहिल्याचा मान सोळा वर्षे टिकला. दुसऱ्यात सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ तेफिला चालू आहे.