एसी चालू, तरी खोली गार होत नाही? आधी दारं-खिडक्यांच्या फटी बघा

चाकण, मोशी, चिखलीकडे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे ओळखीचं वाटेल: एसी रात्रभर चालतो, पण खोली हवी तशी गार होत नाही. दोष दर वेळी एसीचाच नसतो. ३ फूट रुंद दाराखाली १ सेंटीमीटर फट असेल, तर ती भरते सुमारे ९० चौरस सेंटीमीटर. म्हणजे भिंतीला जवळपास मोबाइलएवढं भोकच की!

गार हवा जड, म्हणून ती दाराखालून निसटते आणि खिडकीच्या वरच्या फटीतून गरम हवा आत येते. ही हवा दमट असेल तर तिच्यातलं पाणी काढायलाही एसीला वीज लागते. इन्व्हर्टर एसी वीज वाचवतो तो खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर मंद करून. फटी असतील तर ती वेळ येतेच उशिरा. त्यात महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे वरची युनिटंच जास्त महाग पडतात.

फट शोधायला रात्री खोलीत अंधार करा आणि मित्राला दाराबाहेरून मोबाइलचा टॉर्च कडेकडेने फिरवायला सांगा. उजेड आला तिथे फट. खिडकीपाशी पंखा बंद करून अगरबत्ती धरा, धूर कुठे हलतो ते दिसेल. शिवाय आपल्याकडच्या धुळीचा हा एक उपयोग आहेच: चौकटीलगत काळी रेघ दिसली, की तिथून हवा येते.

दाराखाली रबरी किंवा ब्रशची पट्टी, चौकटीला फोम टेप. आधी धूळ नीट पुसा, नाहीतर टेप आठवड्यात सुटते. चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीत सिलिकॉन भरतात, पण भाड्याच्या घरात मालकांना विचारून. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडकीतली लोकरीसारखी पट्टी झिजली असेल तर नवीन बसवून घ्या. ट्रॅकच्या तळाची भोकं मात्र बुजवू नका, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं.

आणि गॅस गिझर असलेल्या बाथरूमची कुठलीही फट किंवा झरोका बंद करायचा नाही. तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो. खोलीत चार-पाच जण झोपत असाल तर ताज्या हवेसाठी खिडकी अधूनमधून उघडा.

फरक बघायचा तर एसीचं तापमान तेच ठेवून मीटरची रोजची युनिटं आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर लिहून ठेवा.