नाट्यपदामागचा ऑर्गन

आमच्या बदलापूरच्या घरात आजोबांचा ऑर्गन बरीच वर्षं चादरीखाली पडून होता. पायटा दाबला की नुसतं फुस्स! घरात दोन मतं होती. एक, भंगारात देऊ. दुसरं, आतलं सगळं काढून डिजिटल कीबोर्ड बसवू. दुसरं मत माझं. आज ते का बदललं, तेच सांगतो.

आधी हे वाद्य काय आहे ते बघू. मोठ्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन असतो. भात्यातली हवा नळ्यांमधून जाते आणि नळ्या वाजतात. लहान चर्चला आणि घरांना तो परवडायचा नाही. त्यांच्यासाठी १९व्या शतकात रीड ऑर्गन आला. यात नळ्यांऐवजी पितळेच्या पट्ट्या, म्हणजे रीड्स. अमेरिकन पद्धतीत भाता हवा ढकलत नाही, आत ओढतो. म्हणून आवाज मऊ येतो. १९३५ला हॅमंडचा इलेक्ट्रिक ऑर्गन बाजारात आला आणि पायाचे ऑर्गन मागे पडत गेले.

आपल्याकडे मात्र त्याला वेगळंच घर मिळालं: संगीत नाटक. १९१३ला गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ला ‘स्वयंवर’ आलं. बालगंधर्वांच्या साथीला पुढे हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवाँ तबल्यावर. जोडी बघा: पट्ट्या दाबून मींड निघत नाही, ती सारंगी काढते. ऑर्गन भरीव, लांब सूर धरून ठेवतो.

आता आमचा ऑर्गन. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी तो उघडला. भात्याचं कापड फाटलेलं, रीड्समध्ये धूळ. रीड्स ठणठणीत! मी म्हटलं, सगळे सूर आजच्या पट्टीत आणू की. काका म्हणाले, ‘‘टोकाला कानस मारली की सूर चढतो, बुडाशी मारली की उतरतो. पण घासलेलं पितळ परत येत नाही, बाळा.’’

गिटमध्ये रिव्हर्ट असतो, इथे नाही. शेवटी भाता नवा केला, रीड्स फक्त साफ केल्या. आजीसाठी एक छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर बाहेरून जोडला, हवा तेव्हा काढता येईल असा.

पुढच्या वेळी जुनं नाट्यपद हेडफोन लावून ऐका. गायक श्वास घेतो ना, तिथे कान द्या. मागे सूर कोण धरून बसलंय, ते कळेल.