ल्यूइस याच्या रोजनिशींतील वायुबंदूक : एका शब्दाचा अर्थनिर्णय

पेशवाईच्या कागदांत ‘बाण’ असा शब्द आला म्हणजे तो धनुष्याचा बाण नसून दारूचा बाण असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. नवशिका मात्र तेथें हटकून चुकतो. तशीच एक चूक आम्हीं या वयांत एका परदेशी रोजनिशीच्या बाबतींत केली. ती दुरुस्त करण्यासाठीं हा लेख.

रोजनिशी मेरिवेदर ल्यूइस याची. अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलुखाच्या शोधास १८०३ त निघतांना त्यानें एक वायुबंदूक बरोबर घेतली होती. १० जून १८०५ च्या टिपणांत, पथकांतील शील्ड्स नांवाच्या लोहारानें या बंदुकीची मुख्य कमान नवी केल्याची नोंद आहे. पुढें ७ ऑगस्टला ल्यूइस म्हणतो कीं, बिघडलेली बंदूक आपण ठीक करून ‘रेग्युलेट’ केली व ती पूर्ववत् मारूं लागली. हल्लींच्या वायुबंदुकींत ‘रेग्युलेटर’ नांवाचा दाबनियामक असतो आणि कमान बदलली कीं तिचा जोर त्या दाबाशीं जुळवावा लागतो, एवढें आम्हीं ऐकून होतों. झालें! दोन्ही नोंदी जोडून ‘ल्यूइसनें हवेचा दाब जुळविला’ असें आम्हीं टिपणवहींत लिहून ठेविलें, व कांहीं मित्रांस उतरूनहि दिलें.

आमचे एक जुने विद्यार्थी नेमबाजी करितात. त्यांनीं आपली बंदूक आमच्यापुढें उघडली तेव्हां घोटाळा ध्यानांत आला. तिच्या टाकींत २०० बारपर्यंत दाबाची हवा भरतात. (बार म्हणजे येथें दाबाचें मान, बंदुकीचा बार नव्हे!) ती हवा थेट झडपेशीं न जातां नियामकांतून जाते. त्यांत बशीच्या आकाराच्या पोलादी चकत्यांची चळत एका दट्ट्यास तोलून धरते. पुढील लहान कोठींत ठरलेला दाब, त्यांच्या बंदुकींत १३० बार, झाला कीं दट्ट्या वाट बंद करितो. चाप ओढतांच कमानीच्या जोरानें हातोडी झडपेच्या दांडीवर आदळते, झडप क्षणमात्र उघडते व तेवढी हवा छर्ऱ्यामागें जाते. जुळवणी करितांना छर्ऱ्याचें वजन व हवा तो वेग पाहून प्रथम नियामकाचा दाब ठरवितात. त्याचा खिळा फिरविण्यापूर्वीं हवा सोडून द्यावी लागते. मग कमान थोडी थोडी आवळीत दर वेळीं वेगमापकावर वेग पाहतात. वेग वाढत वाढत एके ठिकाणीं अडतो. त्यापुढें आवळल्यानें हवा फुकट जाते व हातोडी उसळून झडपेवर पुनः आदळते. म्हणून वेग शेंकडा तीन-चार उतरेल इतकी कमान सैल करून तेथें थांबतात. उलट, कमान तीच ठेवून दाबच फार वाढविला तर झडप पुरती उघडत नाहीं आणि वेग वाढावयाचा तो घटतो. ही गोष्ट आम्हांस आधीं खरी वाटेना. त्यांनीं वेगमापकावर दाखविली.

आतां ल्यूइसची बंदूक. ती बार्थोलोमेउस जिरार्दोनी याच्या धर्तीची होती असें आज बहुतेक अभ्यासक मानतात. ही बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्यानें १७८० च्या सुमारास स्वीकारली होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी. तींत दर चौरस इंचास सुमारें ८०० पौंड, म्हणजे ५५ बार, दाब भरावयास हातपंपाचे सुमारें १५०० हेलकावे लागत. पूर्वीं कित्येकांनीं ल्यूइसची बंदूक फिलाडेल्फियाच्या ल्यूकन्स याची, एका वेळीं एकच गोळी घेणारी, मानली होती. परंतु टॉमस रॉडनी यानें सप्टेंबर १८०३ त ती प्रत्यक्ष पाहून बावीस वेळां उडण्याची, आणि दर खेपेस एका गोळीपुरतीच हवा सुटण्याची नोंद केली आहे. आमच्या मतें हा पुरावा निर्णायक आहे.

या धर्तीच्या बंदुकींत नियामक नाहींच. टाकींतील सगळा दाब झडपेवर असतो. आरंभीं तो भरपूर, पण तोच झडपेस मिटवूं पाहतो. पुढें तो उतरतो तशी घोड्याच्या त्याच आघातानें झडप अधिक उघडते. अशी थोडी भरपाई आपोआप होते, पुरती नव्हे. शेवटच्या गोळ्या मंद पडतात. तेव्हां ऑगस्टमध्यें ल्यूइस दाबनियामक जुळवीत होता हें संभवतच नाहीं.

मग त्यानें ‘रेग्युलेट’ केलें तें काय? उत्तर त्याच नोंदींत होतें; घाईमुळें तें आमच्या दृष्टीआड झालें. बंदुकीची निशाणें कांहीं अपघातानें हललीं होतीं, असें तो आधींच म्हणतो. निशाण सुधारून गोळी नेमावर पडेल असें करणें, एवढाच त्या शब्दाचा तेथें अर्थ. नव्या कमानीचा जोर निराळा असल्यास गोळीची पडहि बदलली असती, ही शंका रास्त आहे. पण ल्यूइस कारण अपघाताचें देतो आणि कमानीचें नांव काढीत नाहीं. त्याच्या तोंडीं तें घालण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

टिपणवहींतील तें वाक्य आम्हीं खोडलें आहे. ज्या मित्रांकडे त्याची नक्कल असेल त्यांनींहि तें खोडावें, ही विनंति.