युनिक्सवरून नेटवर्क छपाई : दोषशोधन

युनिक्स किंवा लिनक्स संगणकावरून नेटवर्कवरील प्रिंटरकडे धाडलेले काम छापले का जात नाही, किंवा भलतेच का छापले जाते, याचा पद्धतशीर शोध. कामाच्या वाटेवर तीन टप्पे असतात : संगणकावरील रांग, नेटवर्क आणि प्रिंटरला कळणारी भाषा. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी ठरवावे. ते न ठरवता ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकत बसण्यात बहुतेकांचा वेळ वाया जातो.

बीएसडी परंपरेत रांग ‘एलपीक्यू’ने पाहतात, सिस्टिम व्ही परंपरेत ‘एलपीस्टॅट’ने, मायकेल स्वीट यांच्या कप्स या छपाई प्रणालीत (1999) दोन्ही आज्ञा चालतात. काम स्वीकारणे आणि स्वीकारलेले काम पुढे पाठवणे या रांगेच्या दोन वेगळ्या स्थिती आहेत. प्रिंटर काही वेळ बंद राहिला, की कप्समधील रांग तिच्या धोरणानुसार थांबू शकते. नंतर प्रिंटर सुरू झाला तरी कामे नुसती साचत राहतात, वापरणाऱ्याला मात्र कोणतीही चूक दिसत नाही. अशा वेळी ‘कप्सएनेबल’ ही एक आज्ञा पुरते.

प्रिंटर पिंगला उत्तर देतो म्हणजे तो छपाईचे काम घेईलच असे नाही. नेमके पोर्ट उघडे आहे का, ते तपासावे लागते. एलपीडी या छपाई-प्रोटोकॉलसाठी 515, आयपीपी या प्रोटोकॉलसाठी 631 आणि थेट जोडणीसाठी बहुधा 9100. डीएचसीपीमुळे प्रिंटरचा आयपी पत्ता बदलणे हे नेहमीचे कारण आहे, म्हणून प्रिंटरला पत्ता कायमचा नेमून द्यावा. एलपीडीत दूरच्या रांगेचे नावही जुळावे लागते. या प्रोटोकॉलची एक जुनी अडचण फार चकवते. 1990च्या आरएफसी 1179नुसार पाठवणाऱ्याने 721 ते 731 यांपैकीच पोर्ट वापरायचे, म्हणजे अवघी अकरा. जोडणी संपल्यावरही पोर्ट काही काळ अडकून राहते. त्यामुळे हा नियम काटेकोर पाळणाऱ्या प्रणालीत छोटी कामे भराभर पाठवली, की छपाई मध्येच खोळंबते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते.

कागद बाहेर येतो पण मजकूर बिघडलेला असतो, तेव्हा दोष भाषेचा. ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत गेल्या, तर कारण युनिक्सची ओळ फक्त ‘लाइन फीड’ने संपते हे : प्रिंटर खाली उतरतो, डाव्या समासाकडे परतत नाही. पोस्टस्क्रिप्टच्या आज्ञाच पानामागून पान छापल्या जात असतील, तर प्रिंटर ती फाइल साधा मजकूर समजतो आहे. पहिल्यावर फिल्टर किंवा प्रिंटरमधील सेटिंग, दुसऱ्यावर योग्य रांग किंवा ड्रायव्हर हा उपाय.

रांग पुसून नव्याने उभारण्याआधी कप्सचा ‘एरर लॉग’ डीबग पातळीवर ठेवून एक काम पाठवावे. ते नेमके कुठे अडले, हे बहुधा तिथेच सापडते.