स्कीपटू महाकाय ट्रेडमिलवर घाम का गाळतात?

पायांत चाकं लावलेल्या अरुंद पट्ट्या, दोन्ही हातांत लांब काठ्या, अंगाला बांधलेला आणि वर छताकडे गेलेला दोर, आणि खाली एखाद्या खोलीएवढी ट्रेडमिल. असा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेला असेल. बघायला गंमत वाटते. पण क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये याच यंत्रावर खेळाडूच्या कित्येक महिन्यांच्या मेहनतीचा हिशेब मांडला जातो.

हा खेळ नेमका कसा असतो?

क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे फक्त उतारावरून घसरणं नाही. शर्यतीच्या मार्गात चढ, उतार आणि उंचसखल भाग असे तिन्ही असतात. उतार काही क्षणांत संपतो, चढाला मात्र वेळ लागतो. म्हणून शर्यतीचा निम्म्याहून अधिक वेळ चढावर जातो आणि खेळाडूंमधलं अंतरही बहुतेक वेळा तिथेच वाढतं. पाय, हात, पाठ, पोट असे सगळे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात. 1967 मध्ये पेर-ओलोफ ऑस्ट्रंड आणि बेंग्ट सॉल्टिन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या खेळांतील खेळाडूंची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मोजली, तेव्हा क्रॉस-कंट्री स्कीपटू सर्वांत वरच्या आकड्यांवर होते.

जिममधली ट्रेडमिल का चालत नाही?

उन्हाळ्यात बर्फ नसतो, तेव्हा हे खेळाडू डांबरी रस्त्यावर रोलर स्की, म्हणजे चाकांच्या स्की घालून सराव करतात. नुसतं धावून हाताच्या आणि काठीच्या जोराची परीक्षा होत नाही. स्केटिंग प्रकारात पाय बाजूला फेकले जातात, त्यामुळे जागा जास्त लागते. नॉर्वेतल्या त्रॉनहाइमच्या संशोधन केंद्रातली ट्रेडमिल 5 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद आहे. स्वीडनमधल्या ऑस्टरसुंड इथेही अशी सोय आहे. पट्टा रबराचा असतो, म्हणजे काठीचं टोक निसटत नाही. खेळाडू पडला किंवा मागे सरकला, तर अंगाला बांधलेला दोर त्याला तोलून धरतो आणि पट्टा थांबतो.

सरावासाठी याचा मोठा फायदा म्हणजे न संपणारा चढ. खऱ्या टेकडीवर माथा येतो आणि मग खाली यावं लागतं. बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो, त्यामुळे उतार धोक्याचा. इथे चढ हवा तेवढा, हवा तितका वेळ. प्रशिक्षक हाताच्या अंतरावर उभा राहून काठी कुठे टेकतेय, वजन कोणत्या पायावर जातंय, हे पाहू शकतो.

चाचणीत काय मोजतात?

ठरावीक चढ आणि ठरावीक वेग यांवर साधारण 5-5 मिनिटांचे टप्पे असतात. तोंडावरच्या मास्कमधून श्वासातला ऑक्सिजन मोजतात. दोन टप्प्यांच्या मध्ये बोटातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट पाहतात. शेवटी खेळाडू पूर्ण थकेपर्यंत वेग किंवा चढ वाढवत नेतात.

एक सोपं गणित करून पाहू. 75 किलो वजनाचा खेळाडू 5 टक्के चढावर ताशी 14 किलोमीटर वेगाने जातोय. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याला सुमारे 143 वॅट लागतात. चाकांच्या घर्षणाचा गुणांक 0.02 धरला, तर आणखी 57. एकूण 200 वॅट. शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी 16 टक्के ऊर्जा या कामी आली, तर मिनिटाला साधारण 3.6 लिटर ऑक्सिजन लागतो. 15 टक्केच आली, तर 3.8 लिटरच्या थोडा वर. म्हणजे तंत्रातल्या एका टक्क्याच्या फरकाची किंमत मिनिटाला जवळपास पाव लिटर ऑक्सिजन!

ही गोष्ट फक्त कागदावरची नाही. नॉर्वेचे संशोधक ऑयविंड सँडबक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोलर स्की घालून ट्रेडमिलवर स्केटिंग करताना जागतिक दर्जाचे स्प्रिंट स्कीपटू राष्ट्रीय पातळीवरच्या स्कीपटूंपेक्षा अधिक कार्यक्षम आढळले. नुसता दम पुरत नाही, तो वाया न घालवणंही जमावं लागतं.

सगळा खेळ चाकांवर

आता वरच्याच गणितात घर्षणाचा गुणांक 0.02 ऐवजी 0.025 धरा. लगेच 14 वॅट वाढले, म्हणजे 7 टक्के. दोन खेळाडूंमधला जो फरक आपण शोधत होतो, जवळपास तेवढाच! वेगळ्या चाकांमुळे चांगला खेळाडू मागे पडलेला दिसू शकतो, किंवा न झालेली प्रगती झाल्यासारखी वाटू शकते. चाकं गरम झाली की घर्षण कमी होतं, म्हणून चाचणीआधी ती फिरवून गरम करतात, घर्षण मोजतात आणि सगळ्यांना एकाच प्रकारच्या, शक्यतो त्याच जोडीच्या रोलर स्की देतात.

मग ट्रेडमिलवरचा विजेता बर्फावरही जिंकतो का?

जिंकेलच असं नाही. ट्रेडमिलवर खेळाडू जागेवरच असतो, त्यामुळे समोरून हवेचा विरोध नाही. चढावर वेग कमी असल्याने हा फरक लहान राहतो. म्हणूनच चाचण्या बहुधा चढावर घेतात. सपाटीवर आणि उतारावर मात्र तो मोठा ठरतो. वळणं नाहीत, प्रतिस्पर्ध्याच्या मागे राहून हवेचा आडोसा घेण्याची चाल नाही, तासातासाला बदलणारा बर्फ नाही आणि त्यानुसार स्कीला लावायच्या मेणाची निवडही नाही.

तरीही खेळाडू इथे परत येतात, कारण बर्फ रोज वेगळा असतो. काल वेळ चांगली लागली ती मेहनतीमुळे की बर्फ कडक होता म्हणून, हे मैदानावर सांगणं कठीण. ट्रेडमिलवर जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये तोच चढ, तोच वेग आणि त्याच स्की ठेवता येतात. बदलतो तो फक्त खेळाडू. म्हणून पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला, तर पट्ट्याच्या वेगाबरोबर तो किती चढावर आहे हेही पाहा. खरी कसोटी तिथेच असते.