पावडर कोटिंग घरी भाजायचंय? ओव्हनचं नाही, धातूचं तापमान बघा

बाईकचा स्टँड, सायकलचं कॅरिअर, बाल्कनीतली लोखंडी ब्रॅकेट्स. ब्रशने रंग दिला की एखाद्या पावसाळ्यातच पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून रील्स बघून अनेक जण पावडर कोटिंगकडे वळतात. छोटी गन आणि पावडर ऑनलाइन मिळते. पण ती पावडर भाजायची कुठे आणि किती वेळ, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

क्युअरिंग म्हणजे काय?

या रंगात थिनर नसतो. विद्युतभारित कोरडी पावडर अर्थिंग केलेल्या धातूला चिकटते. उष्णतेने ती आधी वितळून पसरते आणि मग तिच्यात रासायनिक जोडण्या तयार होतात. या दुसऱ्या टप्प्याला क्युअरिंग म्हणतात. पावडर वितळली की पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण क्युअरिंग अर्धवट राहिलं तर तोच थर नंतर टिचक्या मारल्यासारखा उडतो.

किती तापमान, किती वेळ?

बऱ्याच पावडरना सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसवर १० ते २० मिनिटं लागतात. नेमका आकडा त्या पावडरच्या डेटा शीटवर असतो, तोच पाळा.

महत्त्वाचं म्हणजे, ही मिनिटं धातू त्या तापमानाला पोहोचल्यावर मोजायची असतात. पातळ पत्रा लवकर तापतो, जाड भाग बराच वेळ घेतो. त्यामुळे ओव्हनचा टायमर इथे कामाचा नाही.

मल्टिमीटरला जोडायचा थर्मोकपल वस्तूच्या जाड भागाला टेकवून ठेवणं सगळ्यात भरवशाचं. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर मोजमाप कोटिंगवर घ्या. उघड्या चकचकीत धातूवर ती कमी तापमान दाखवते आणि ओव्हनच्या काचेतून चुकीचं.

स्वयंपाकघरातला ओव्हन चालेल का?

नाही. क्युअरिंगच्या वेळी निघणारी वाफ आणि पावडरचे कण ओव्हनच्या आत बसतात. एकदा कोटिंगला वापरलेल्या ओटीजीमध्ये पुन्हा केक किंवा पाव भाजायचा नाही. त्यावर तसं ठळक लिहून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून वापरणार नाही.

गॅसचा ओव्हनही टाळा. हवेत उडालेली पावडर ज्वाळेने पेट घेऊ शकते, बंदिस्त जागेत स्फोटही होऊ शकतो.

ही काळजी घ्याच

- पावडर मारताना ओव्हन बंद ठेवा. जवळ सिगारेट, शेगडी, देवापुढचा दिवा काहीही पेटतं नको.
- एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे घाला. काही पॉलिस्टर पावडरमध्ये टीजीआयसी हा घातक घटक असतो. शक्यतो टीजीआयसी नसलेली पावडर घ्या.
- ओव्हन हवेशीर शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये ठेवा. फ्लॅटच्या बंद खोलीत हा उद्योग नको.
- सांडलेली पावडर ओल्या फडक्याने पुसा. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरची ठिणगी धोक्याची ठरू शकते.
- रबर, प्लास्टिक, बेअरिंग आधी काढा. गॅस किंवा तेल भरलेला शॉक ॲब्सॉर्बर आणि हवाबंद नळी ओव्हनमध्ये कधीही घालू नका. आतला दाब वाढून ती फुटू शकते.

वीज किती लागते?

२००० वॅटचा ओव्हन तासभर सलग चालला तर २ युनिट. बचत करायची असेल तर एकसारख्या जाडीच्या वस्तू एकाच वेळी भाजा आणि दार सारखं उघडू नका. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

झालं की नाही, कसं ओळखायचं?

वस्तू पूर्ण गार झाल्यावर, न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं थोडा वेळ घासा. चमक किंचित कमी झाली तर काळजी नाही. रंग भरपूर उतरला किंवा थर चिकट झाला, तर क्युअरिंग कच्चं आहे.

घरी काय करू नये?

अलॉय व्हील. ॲल्युमिनिअमची मजबुती उष्णता देऊन आणलेली असते. जास्त तापमानात जास्त वेळ ठेवल्यास ती कमी होऊ शकते, आणि चाक रस्त्यावर तुटलं तर प्रश्न रंगाचा राहत नाही. चाकं, चेसिस, ओव्हनमध्ये न मावणारी ग्रिल अशा कामांसाठी जवळच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणारं वर्कशॉप गाठा. तिथेही एक प्रश्न जरूर विचारा: धातूचं तापमान कसं मोजता?