उंच हवेची नाडीपरीक्षा

उष्णतामापक नळी हवेची उष्णता सांगते, अशी आपली सर्वांची समजूत असते. वस्तुतः ती नळी केवळ स्वतःचीच उष्णता सांगत असते. हवेशीं तिचा निकट संपर्क घडून दोघींची उष्णता समान होते, म्हणून तिची साक्ष आपण ग्राह्य धरतों. परंतु हवा जसजशी विरळ होते, तसतसा हा संपर्क तुटत जातो, आणि मग यंत्रावर पडलेलें ऊनच त्याच्या तोंडून बोलूं लागतें. आंगठ्यानें नाडी पाहणाऱ्या अननुभवी वैद्यास रोग्याच्या नाडीऐवजीं स्वतःचीच नाडी लागावी, तशांतला हा प्रकार आहे. वरच्या वातावरणाच्या उष्णतामापनाचा इतिहास म्हणजे बव्हंशीं या फसव्या साक्षीशीं मनुष्यानें दिलेली झुंज होय, असें आम्हांस वाटतें.

या झुंजीचा आरंभ फुग्यांपासून झाला. तेसरां द बोर हा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसजवळील त्राप येथून यंत्रें बांधलेले फुगे सोडीत असे. सुमारें ११ किलोमीटरांच्या वर उष्णतामान उतरावयाचें थांबतें, असें त्यास आढळूं लागलें. उंच जावें तों थंडी वाढावी, या नित्याच्या अनुभवास हें सोडून होतें. यंत्र उन्हानें तापत असावें, या शंकेनें त्यानें रात्रीं फुगे सोडले, आणि दोनशेंहून अधिक उड्डाणें झाल्यावरच १९०२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच सुमारास बर्लिनच्या रिखार्ड आस्मान यानेंही तीच गोष्ट स्वतंत्रपणें सांगितली.

फुग्यांची धांव जेथें संपे, त्यापलीकडे अनुमानाचाच आधार होता. मोठ्या स्फोटाचा आवाज जवळपास ऐकूं येतो, पुढील एका पट्ट्यांत मुळींच येत नाहीं, आणि त्याहून दूर पुनः येतो. ध्वनि उष्ण हवेंत अधिक वेगानें जातो. तेव्हां उंचावर एखादा उष्ण थर असून तो ध्वनीस खालीं वळवीत असला पाहिजे, असें व्हिपल यानें १९२३ सालीं प्रतिपादन केलें. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या लिंडेमन व डॉब्सन यांच्या उल्काविषयक निबंधाचाही रोख तोच होता. सूर्याचे अतिनील किरण शोषून घेणारा ओझोन वायु हें या उष्णतेचें कारण होय.

हें अनुमान प्रत्यक्ष पडताळून पाहण्याचें साधन महायुद्धानें दिलें. शहरें उद्ध्वस्त करण्यासाठीं जर्मनीनें निर्माण केलेला व्ही-२ अग्निबाण १६ एप्रिल १९४६ रोजीं अमेरिकेंतील व्हाइट सँड्स येथून शास्त्रीय कार्याकरितां प्रथम उडाला. परंतु ध्वनीहून कित्येक पट वेगानें जाणाऱ्या या बाणाचें अंगच घर्षणानें तापे, आणि ५० किलोमीटरांवर हवेचा दाब भूपृष्ठावरील दाबाच्या हजाराव्या हिश्शाइतकाच उरे. अशा ठिकाणीं साध्या उष्णतामापकास विचारण्यांत अर्थ नव्हता. म्हणून दाबच मोजूं लागले. थंड हवेंत उंचीबरोबर दाब लवकर घटतो, उष्ण हवेंत सावकाश. त्या घटीवरून उष्णतामानाचें गणित मांडतां येतें. यांतही बाणाच्या पोटांतून झिरपणारा वायु दाबाचें माप बिघडवी, ही अडचण होतीच.

१९५० नंतर अमेरिकेंत एक निराळीच युक्ति योजिली गेली. अग्निबाण वर चढत असतां त्यांतून ठराविक अंतरानें स्फोटक गोळे उडवावयाचे, आणि त्यांचे आवाज जमिनीवर मांडलेल्या ध्वनिग्राहकांनीं टिपावयाचे. लागोपाठच्या दोन स्फोटांच्या मधल्या थरांतून ध्वनि किती वेगानें आला, हें कळलें कीं त्या थराचें उष्णतामान कळतें. १५ अंशांच्या हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, उणे १०० अंशांच्या हवेंत सुमारें २६४. येथें साक्षीदार यंत्र नसून हवाच होती, आणि उन्हास मध्यें तोंड घालण्यास जागा नव्हती.

आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षांत, १९५७-५८ मध्यें, कॅनडांतील हडसन उपसागराच्या कांठीं चर्चिल येथें असे बाण उडाले, आणि सामान्य तर्कास उलटी वाटणारी गोष्ट आंकड्यांत उतरली: त्या उत्तरेकडील प्रदेशांत ८० किलोमीटरांच्या आसपासची हवा हिवाळ्यापेक्षां उन्हाळ्यांतच अधिक थंड असते! ध्रुवाकडे तर ऐन उन्हाळ्यांत, सूर्य मावळत नसतां, ती उणे १४० अंशांच्या आसपास उतरते. तेथें सूर्याच्या तापापेक्षां हवेची हालचाल प्रबळ ठरते. उन्हाळ्यांत ती हवा वर चढते, प्रसरण पावते व निवते. हिवाळ्यांत खालीं येऊन दाबली जाते व तापते. १८८५ पासून उत्तरेकडे उन्हाळ्याच्या रात्रीं दिसणाऱ्या रुपेरी मेघांचें कोडेंही यामुळें उकललें; ते मेघ बर्फाच्या सूक्ष्म कणांचे आहेत.

पुढें लहान अग्निबाणांनीं नेलेले, हवाई छत्रीनें सावकाश उतरणारे थर्मिस्टरचे इवलेसे मणि प्रचारांत आले. आपल्या देशांत केरळांतील थुंबा येथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं उडाला. आणि डिसेंबर १९७० पासून कित्येक वर्षें रशियन एम-१०० जातीचे बाण आठवड्यास एक याप्रमाणें तेथून सोडून उंच हवेचें उष्णतामान व वारे यांची नोंद होत असे. या साधनांच्या आंकड्यांतूनही ऊन, वेग व विरळ हवा यांचा दोष वजा करावाच लागे. हें उष्णतामान हवेचें कीं आमच्या यंत्राचें, हा त्राप येथें रात्रीं फुगे सोडणाऱ्या मनुष्याचा प्रश्न प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पुनः विचारावाच लागला आहे.